बारा झाल्याशिवाय सुटत नाही

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसाने आयुष्यात एकदा तरी 'वा!' म्हणावं की नाही? एकदाच! पण आमचे बाबा? छे! तुम्हाला सांगतो, गुहागरहून उठून पहिल्यांदा सिंगापूरला आले, चांगी विमानतळावर उतरले, पायाखाली गालिचा, डोक्याशी ऑर्किडची फुलं, मी काचेबाहेरून बघतोय, यांची बॅग यांच्याआधी येऊन पट्ट्यावर गोल गोल फिरतेय! बाहेर आले, मी छाती फुगवून विचारलं, "काय बाबा, कसं काय?" तर चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बरं आहे."

बरं आहे! ऐकलंत? त्यांना पंचपक्वान्नं वाढा, बरं आहे. नात वर्गात पहिली आली, बरं आहे. मी सीए झालो तेव्हा तार केली होती हो मी घरी, उत्तर काय आलं असेल? सांगायलाच नको!

मर्लायनचा पुतळा दाखवला. अर्धा सिंह, अर्धा मासा, तोंडातून पाण्याची ही एवढी धार! बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हटलं, आता येतंय, वा येतंय... "उन्मेष, हा पाणी सारखं वाया घालवतो का रे? ...बरं आहे." नाइट सफारी दाखवली, वाघ काचेला नाक लावून उभा! वाघाने बाबांकडे बघितलं, बाबांनी वाघाकडे बघितलं. "बरं आहे." वाघ बिचारा खाली मान घालून निघून गेला, खोटं नाही सांगत!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय जिवाला लावून घेतोस? अहो, कारण होतं. आई गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून बाबा गुहागरला त्या घरात एकटे. शेजारच्या सुलेखाकाकू फोनवर सांगायच्या, "उन्मेष, तुझे बाबा सकाळी चहा दोन कप करतात रे, आणि एक थंड झाला की ओतून टाकतात." आता हे ऐकल्यावर इथे सेंगकांगला अकराव्या मजल्यावर माझ्या घशाखाली चहा उतरेल का? मला त्यांना इथे ठेवून घ्यायचं होतं. कायमचं. आणि त्यांनी परतीचं तिकीट उशीखाली ठेवलेलं! मी 'राहा' म्हटलं की उशी चाचपायचे.

परतायला आठवडा उरला होता, त्या शनिवारी बायको म्हणाली, माझी बायको शुभदा हो, "तुम्ही त्यांना उंच उंच काय दाखवताय? समुद्रकाठचा माणूस तो. उद्या पुलाव उबिनला जाऊ." झालं! बाबा आतून गरजले, "उद्या माझी संकष्टी आहे. मला पुलाव चालत नाही!"

शुभदा म्हणते, अहो बाबा, खायचा नाही, जायचंय. बाबा म्हणतात, "जाऊन काय करू? तुम्ही खाणार, मी बघत बसू?" माझी मुलगी राधिका, वय वर्षं आठ, हिचं मराठी म्हणजे देवाची करणी, ती हसून हसून सोफ्यावरून खाली, "आजोबा, पुलाव मीन्स आयलंड, लाह!" आता 'लाह' म्हणजे आपल्या 'रे'सारखं इथलं शेपूट, हे समजावण्यात आणखी अर्धा तास! शेवटी साबुदाण्याची खिचडी डब्यात घातली तेव्हा कुठे हलले.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबा एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात गुहागर स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीत, "गुहागर चिपळूण, फलाट क्रमांक दोन!" घड्याळ म्हणजे देव. आणि त्या माणसाचा जगात एकच शत्रू होता, तो म्हणजे वडाप! स्टँडच्या तोंडाशी जीप लावायची, "चिपळूण चिपळूण चिपळूण" करून बोंबलायचं, सीट भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि भरली की अंगावर माणसं लटकवून निघायचं! बाबा खिडकीतून बाहेर येऊन भांडायचे हो. घरी आले तरी जेवताना वडाप, झोपेत वडाप!

तर चांगी व्हिलेजला पोचलो. बसचा शेवटचा थांबा. आणि तुम्हाला सांगतो, मीच थक्क झालो! चार ठेंगण्या इमारती, एक हॉकर सेंटर, म्हणजे इथली खाऊगल्ली, झाडाखाली म्हातारे कॉफी पीत बसलेत, कुणाला घाई नाही. सिंगापुरात! कुणाला! घाई नाही! मी इतकी वर्षं इथे राहतो, मला कुणी सांगितलं नाही? खाडीचं पाणी, पलीकडे हिरवंगार बेट, आणि धक्क्याला लाकडी होडी लागलेली. आम्ही चढलो. बसलो. होडी हलेना.

बाबांनी घड्याळ बघितलं. "किती वाजताची आहे?" मी होडीवाल्याला विचारलं. चिनी म्हातारा, बनियन, पाय वर घेऊन बसलेला. इथे अशा माणसाला अंकल म्हणतात. अंकलने पेपरमधून मान न काढता सांगितलं, "टाइम नो. ट्वेल्व पर्सन, गो."

"काय म्हणतो तो?"

"बाबा, बारा माणसं झाली की सुटते म्हणाला."

बाबांचा चेहरा... अहो, मी तो चेहरा कसा सांगू तुम्हाला! आधी कपाळाला आठ्या. मग भुवया वर. मग हळूहळू तोंड उघडलं, आणि ज्या माणसाला वाघ बघून काही झालं नाही तो माणूस कुजबुजला, "उन्मेष... या देशात वडाप आहे?"

आणि मग काय झालं असेल? आम्ही चौघं होतो, आठ कमी. बाबा उठले! धोतर नाही, पँट होती म्हणून बरं, ती सावरत धक्क्यावर चढले, आणि एसटीच्या त्या घोषणा करून कमावलेल्या आवाजात, "उबिन! उबिन उबिन उबिन! चला, आठच सीट, आठच!" मराठीत! शुभदाने पदर नसताना तोंडावर पदर घेतला! मी म्हणतोय, बाबा, अहो बाबा, इथे दंड करतात! पण ऐकतोय कोण? सायकलवाली कॉलेजची पोरं आली, टोपीवाला फिरंगी जोडीने आला, भाजीची टोपली घेऊन एक मलाय मावशी आली, बाबांनी तिची टोपली धरली, "या बाई, सावकाश, पाय जपून!" अंकलने पेपर खाली ठेवला. पहिल्यांदा! बाबांकडे बघून अंगठा वर केला. होडी सुटली, आणि माझे बाबा, आई गेल्यापासून पहिल्यांदा, हसत होते हो. दात दिसेपर्यंत!

मी समुद्राकडे तोंड केलं. वारा होता, डोळ्यात पाणी येतं वाऱ्याने. येतं की नाही?

आणि ते बेट! उतरलो तर आवाजच नाही! म्हणजे कोंबडा आहे, पाण्याची चुबुकचुबुक आहे, पण ती एअरकंडिशनची घरघर, ते लिफ्टचं टिंग, काही नाही. माझा मोबाइल मलेशियाच्या नेटवर्कवर गेला! पत्र्याची घरं, दारात जास्वंद, फणसाला फणस लागलेले, विहीर, दोराला बादली! सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तर शुभदाने नाक धरलं, आणि बाबांनी श्वास आत घेतला, घेतला, घेतच राहिले. ओहोटी लागली होती. पाणी लांबवर गेलेलं, ओल्या वाळूत तळहाताएवढे तारामासे पडलेले. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि राधिकाचा हात धरून आत चालत सुटले. मी लांबून ओरडलो, "काय बाबा, कसं काय?"

उत्तर नाही! 'बरं आहे' सुद्धा नाही! नुसते बघत होते. आणि मी त्यांच्याकडे. माझे बाबा इतके लहान दिसू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी परत धक्क्यावर. अंकल तोच, होडी तीच. बाबांनी त्याला खिचडी दिली, त्याने बाबांना केळं दिलं, हे मराठीत बोलतायत, तो चिनीत बोलतोय, आणि दोघांचं एकमेकांशी पटतंय! मी बाबांशी मराठीत बोलतो तर पटत नाही! बाबांनी पुन्हा आवाज दिला, माणसं आली, बाबांनी बोटाने मोजली. अकरा. थांबलो. बाबा ओरडले, "एकच सीट! एकच!" कोणी नाही. सगळा धक्का रिकामा. बाबा परत येऊन माझ्याशेजारी बसले. एकदम हळू म्हणाले, "तुझी आई आली असती तर बारा झालो असतो रे."

मी त्यांचा हात धरला. शाळेत असताना धरला होता, त्यानंतर धरला नव्हता. अंकलने आमच्याकडे बघितलं. मराठीतलं त्याला ओ की ठो कळलं नसेल. तो उठला, दोर सोडला आणि म्हणाला, "इलेव्हन, कॅन."

आणि बाबा डोळे पुसता पुसता ताडकन उठले, "थांबव! बारा झाल्याशिवाय सोडायची नाही! नियम आहे!" अहो, कंट्रोलर! अंकलने लक्षच दिलं नाही. होडी मध्यावर आली, ऊन कलतं झालं, पाणी सगळं तांबूस. बाबा त्या बेटाकडे वळून बघत म्हणाले, "उन्मेष, इथे राहायला माझी हरकत नाही."

मी उडालोच! घरी आल्याबरोबर तिकीट रद्द! दुसऱ्या दिवशी त्यांचा मुक्कामाचा पास वाढवायला अर्ज! शुभदाने शिरा केला, बिशानला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, विनीताला, फोन करून झाला, सासरे राहतायत म्हणून! आणि चार दिवसांनी बाबा बॅग भरून दारात उभे. "कधी निघायचं?" म्हटलं, कुठे? "तिथे! मी 'इथे' म्हटलं ते होडीत, बेटाकडे बघून म्हटलं. तुझ्या अकराव्या मजल्यावर म्हटलं का?"

घ्या! इथे म्हणजे तिथे! आता त्या बेटावर घर कोण देणार मला? रडलो, भांडलो, समजावलं. शेवटी तोड निघाली. धक्क्यासमोर, चांगी व्हिलेजला, त्या ठेंगण्या इमारतींत एक फ्लॅट भाड्याने मिळाला. आम्ही सगळेच गेलो तिकडे. बाबांनी सकाळी खिडकी उघडली, समोर पाणी, होड्या. चहा मागितला, एकच कप, सगळा प्यायले. शुभदा खूश, राधिका खूश, मीही खूशच आहे हो, नाही म्हणत नाही.

फक्त एक आहे. माझी कंपनी तुआसला. चांगी म्हणजे सिंगापूरचं पूर्वेचं टोक, आणि तुआस पश्चिमेचं. त्यापुढे जमीनच नाही, समुद्र! तेव्हा लोक आयुष्यात एकदा देश सोडून नोकरीला जातात ना... मी रोज सकाळी अख्खा देश ओलांडून जातो, आणि संध्याकाळी जेवायला परत येतो!