टेबलाचं उपरनं

पूनम – आजी, खरं सांग. ह्या मुंग्या कुठून आल्या?

आजी – शेगावहून.

पूनम – आजी!

आजी – खोटं नाही सांगत. दर्शनाले गेल्या असतीन. प्रसाद खाल्ला अन् येता येता आपल्या ओसरीत टेकल्या. पाहुन्याले असं झटकत नाहीत बाई.

पूनम – खरे पाहुणे चिखलीले येऊन पोचले! थोड्या वेळात अर्पिता वहिनी दारात उभी राहीन, अन् तिच्यासाठी शिवलेल्या मॅटवर हे सैन्य चालून राह्यलं. पाह्य, सगळ्या एकाच कोपऱ्यात घुसून राह्यल्या.

आजी – शिस्त पाह्य त्याहीची. तुह्या शाळेत बी अशी रांग नव्हती.

पूनम – त्या कोपऱ्यात काय हाये?

आजी – कोपऱ्यात कोपरा हाये.

पूनम – कैची दे इकडं.

आजी – थांब वं! कापाच्या आंदी ते जांभळं ठिगळ तं पाह्य. साधं लुगडं नाही ते. मी सरपन आनाले ज्ञानगंगेच्या रानात गेल्ती. मागून वाघानं पदर धरला. मी ओढो, तो ओढे. मी ओढो, तो ओढे. शेवटी तोच दमला. मंग मीच त्याले मडक्यातलं ताक पाजलं.

पूनम – मागच्या खेपेले अस्वल होतं.

आजी – अस्वल दुसऱ्या टोकाले होतं.

पूनम – अन् तू?

आजी – मी मधात. लुगड्यात. पन सोडलं नाही, नवं होतं ते.

पूनम – हे लुगडं आईचं हाये. मेहकरच्या दुकानातून घेतलं, मी होती संग.

आजी – मंग वाघच मेहकरले आला असन.

पूनम – कापला मी कोपरा. अगं माय… गूळ! आजी, तू ह्याच्यात गूळ भरला?

आजी – भरला काय भरला. खडा हाये एवढासा.

पूनम – सगळ्या मॅटमधी?

आजी – मंग? एकाच्या ताटाखाली गोड अन् दुसऱ्याच्या ताटाखाली कोरडं? असं वाढतात का कोनाच्या घरी?

पूनम – पण टाकला काऊन?

आजी – गोधडी उपाशी देत नाहीत कोनाले. शेवटचा टाका घालाच्या आंदी कोपऱ्यात काहीतरी ठेवा लागते. माही सासू जवारीचे दाने ठेवे, मी बी तेच ठेवतो. पन म्हटलं, ह्या ताटगोधड्या. ह्याच्यावर पोरं जेवनार. तिथं कोरडे दाने काय ठेवता? गोड ठेवू.

पूनम – ताटगोधड्या नाही गं, टेबल मॅट. पुण्यात काचेच्या टेबलावर राहतीन त्या. तिथं मुंग्या निघाल्या तर वहिनी सरळ कचऱ्यात टाकीन.

आजी – टाकीन का वं?

पूनम – तसं नाही म्हणलं मी.

आजी – लग्नात देल्ली ती गोधडी कुठी हाये, मले माहीत हाये. प्लॅस्टिकात बांधून माळ्यावर. तुहा दादा हर्षलच बोलून गेला फोनवर. त्याहीच्याकडं ते फुगीर पांघरून हाये नं. तूच म्हनली, आजी, टेबलाचं काही शिवू, रोज जेवतीन त्याच्यावर. म्हनून तं डोये फोडत बसली. माह्या हातचं काही तं त्या घरात माळ्याच्या खाली राहो.

पूनम – राहीन आजी. म्हणून तर म्हणते, गूळ काढू, मुंग्या झटकू, जवारीचे दाणे टाकू अन् पटकन शिवून घेऊ. मी सुई ओवते.

आजी – बारीक दाने पाह्य. ताट हालाले नको.

पूनम – ताट तर तसंही हालीन. मोबाईलमधी एकच पातळ थर सांगितला होता, तू पाच घातले. वरणाची वाटी झोपी जाईन त्याच्यावर.

आजी – जेवन उबेत राह्यते.

(अर्पिता दारात उभी. खांद्यावर बॅग.)

अर्पिता – कोण झोपतंय वरणात?

पूनम – वहिनी! इतक्यात?

अर्पिता – चिखलीत जीप मिळाली लगेच. हर्षलला पारावर मित्र भेटले, तो येतोय मागून. आजी, नमस्कार करते हं. आई गं! पायाला काय चावलं?

आजी – काही नाही बाई. शेगावहून आल्या त्या, तुमच्यासारख्याच पाहुन्या.

अर्पिता – आणि पूनम, पाठीमागे काय लपवतेस? दाखव ना. अय्या, किती सुंदर! हे तुम्ही दोघींनी हाताने शिवलंत? कोणासाठी?

पूनम – तुमच्यासाठीच. इतक्यात दाखवायचं नव्हतं.

अर्पिता – आणि हा लांब पट्टा?

आजी – ते टेबलाचं उपरनं.

पूनम – टेबल रनर, वहिनी. तुमच्या काचेच्या टेबलावर मधोमध घालायचा. दादानं फोटो पाठवला होता, त्याच्यावरून अंदाजानं कापला.

अर्पिता – कोणतं टेबल?

आजी – पाह्य पूनम. नाही आवडलं.

अर्पिता – नाही हो आजी, तसं नाही. पूनम, तो फोटो दाखव बरं मला. हे होय? अगं, हे दुकानातलं आहे! मागे बघ, अजून टेबलं मांडलीत.

पूनम – मले वाटलं, तुमचा हॉलच तेवढा मोठा हाये.

अर्पिता – आमच्याकडे टेबलच नाही गं. बघायला गेलो होतो, नुसते बसून आलो. ते घरात आणलं तर आम्हा दोघांना जिन्यात जेवावं लागेल. हर्षलने घेतलं म्हणून सांगितलं?

आजी – सांगितलं तं! म्हने, वर झुंबर हाये, अन् टेबल फिरते. भाजी वाढा लागत नाही, आपोआप समोर येते.

अर्पिता – झुंबर?

पूनम – वहिनी, हे ह्या घराण्यातच हाये.

आजी – झुंबर म्हनला तवाच मले समजाले पाह्यजे होतं. त्याच्या जागी मी असती तं मी बी झुंबरच टांगलं असतं.

पूनम – मग आता ह्याचं काय करायचं? तुम्ही जेवता कुठी?

अर्पिता – खाली. चटई टाकतो खिडकीशी. ती टोचते फार. थांब, ही मॅट टाक बरं खाली, बसून बघते. आजी, किती मऊ आहे! किती थर घातलेत?

पूनम – विचारू नका.

अर्पिता – ह्या बसायला घेतल्या तर चालेल? आणि रनर मधे अंथरला की त्यावर ताटं. चालेल का, आजी? रागावणार नाही ना?

आजी – ताटाखालच्या होत्या, बुडाखाली गेल्या. जाऊ दे. माळ्यावर तं नाही गेल्या.

अर्पिता – माळ्यावर कशाला जातील? रोज लागतील.

आजी – रोज?

अर्पिता – दोन्ही वेळा.

आजी – पूनम, मंग गूळ सगळ्यातून काढ वं बाई. चावतीन पोराले.

अर्पिता – गूळ?

पूनम – सांगते नंतर. आधी पाय झटका तुम्ही.

अर्पिता – पण आजी, आम्ही दोघंच. बाकीच्या मॅट नुसत्या पडून राहतील. तुम्ही या ना पुण्याला. दरवेळी काहीतरी कारण सांगता. मागे म्हणालात, घाटात कोल्ह्यानं बस अडवली.

आजी – अडवली होती. तिकीट मागे तो.

अर्पिता – आजी.

आजी – त्या टेबलाचं भेव वाटे वं. खुर्चीवर बसलं का पाय लोंबतात माहे. घास उतरत नाही. चार मानसांत हासं होते. म्हटलं, नातवाच्या घरी जाऊन उपाशी काय राहाचं?

पूनम – हे तू मले कधी नाही सांगितलं.

आजी – कोल्हा सांगितला होता नं.

अर्पिता – आता तर टेबल नाही. येणार?

आजी – येतो. पन मले भिताडाले टेकाले पाह्यजे. तेवढी जागा हाये का तुमच्याकडं?

अर्पिता – तेवढी आहे, आजी. टेबल नाही ना, म्हणून आहे.