पोळ्याचा ट्रॅक्टर

लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. निलंग्याच्या स्टँडवर मडिवाळप्पा लातूर गाडीच्या रांगेत उभा होता. मागं नवरा-बायकोची जुंपली होती.

"निळाच ट्रॅक्टर घेऊ, पारे. डिझेल कमी पितंय."

"आन् लाल?"

"लाल ओढायला दांडगा. पर निळ्याचं शीट लई मऊ हाय."

"दुष्काळात बैलं इकली तुमी. आता पोळ्याला शिंगं कशाची रंगवू?"

"ट्रॅक्टरला शिंगं न्हाईत, बये!"

"लालच्या टकुऱ्यावर हाय की एक."

"ते धुराडं हाय!"

"रंग बसतोय न्हवं? मग लालच घ्या."

मडिवाळप्पाला राहवेना. तो वळला.

"आक्का, आमच्या निळ्याचं धुराडं खालून हाय. पोळ्याला काय करू?"

"मग अजून वासरू हाय ते, दादा. फुटल की शिंग."