पाय टेकला तो बाद

— नाही बापू, हात नका लावू त्या सायकलीले, ती चावत नाही पण पाडते. पहिले बसा. त्या पेटीवर बसा, खाट ढिली हाय, पाटलाचा नातू उकंडाच्या खाटेतून खाली गेला तं सारं गाव मलेच पुसन, काय केलं बुढ्या तू म्हून. तुमी आले ते मले निंबापासूनच समजलं होतं. कसं काय? तुमच्या नव्या सायकलीनं सांगितलं. टक टक टक टक — म्हणजे हातात धरून आणली. नव्या सायकलीची तेच तं गंमत हाय, वर बसून पायडल मारलं की चूप, अन् हातात धरून चाललं की मांगचं चाक सगळ्या गल्लीले सांगत जाते, पाहा बाप्पा, मालक पायी येऊन राह्यला. आमच्या वस्तीत पाटलाच्या घरचं माणूस सायकल हातात धरून आलं, हे मी साठ वर्सांत पहिल्यांदा ऐकलं. — घर सापडत नव्हतं म्हून उतरले? असं असं. मले वाटलं मान देऊन राह्यले. रुखमा, चहा ठेव वं, दूध जरा जास्त घाल, हे अमरावतीच्या कॉलेजात शिकते म्हणते.

तं तुमाले ही जुनी सायकल इकत पाहिजे. घरी तीन जुन्या हायेत, चौथी ही नवी, वाकड्या शिंगावानी हँडलची, दारात उभी — एवढा संसार असून अजून म्हाताऱ्याच्या घरात डोकावता, चांगलं हाय. मी हासून नाही राह्यलो, मले समजते तो नाद. माह्यापाशीही दोन हायेत. ही जुनी, अन् ती भिंतीले टेकवलेली नवी, डायनमोची, माह्या धर्मपालनं यवतमाळहून आणली, तिकडे मास्तर हाय तो. म्हणे बाबा, आता ते भंगार फेका. भंगार फेकलं नाही अन् नवीही वापस केली नाही. दिग्रसच्या बाजाराले जायचं तं नवी — उतारावर पाय थांबवून बसलं की आपोआप जाते, हवा लागते, आपण कोण्या संस्थानचे राजे हाओत असं वाटते. जुनीवर राजेपण चालत नाही. तिचं चाक फिरते तोवर पायडल फिरते, पायडल फिरते तोवर तुमचा पाय फिरते, तुमची मर्जी असो नसो. थांबाले पाहाल तं उचलून फेकते. म्हून मी तिच्यासाठी कोणालेच नाही म्हटलं नाही. ज्यानं मागितली त्याले दिली — घ्या न बाप्पा, तुमचीच हाय. बीटाचा जमादार नाल्याच्या उतारावरून थेट नागफणीत गेला, दोन दिवस पालथा झोपून सरकारी काम करत होता. तांड्यावरचा किसनसिंग, माहा दोस्त, त्याले तं मी तीनदा पाडला, तिसऱ्यांदा धूळ झटकत उठला अन् म्हणे, उकंडा, हे सायकल नाही, सासू हाय. तुमच्या मोठ्या काकाचा पाय वाकडा हाय ना, बैलानं मारला म्हणते? त्या बैलाचं नाव उकंडा. लपून मागून नेली होती त्याईनं नाल्याकडे. त्या दिवशी सायकलीले विटाळ नव्हता. — घरी सांगू नका, बुढ्याचे हाल होतील. नाही, सांगा, आता काय होते.

कुठून आणली? दिग्रसच्या कापसाच्या जिनात मी मशीनले तेल द्याचो. तिथं एक गोरा इंजिनेर होता, ही त्याची. एक दिवस उलटी केल्यावानी फेकून देली हिनं त्याले, उठला तं तोंडातलं रगत पुसत म्हणे, टेक इट, उकांडा. मी दोनच बुकं शिकलो पण तेवढं इंग्रजी मले लगेच समजलं. एकोणतीस साल ते. तवापासून इथून जिनात अन् जिनातून इथं, रोज दोन खेपा, अन् दोन्ही खेपा तुमच्या ओट्यासमोरून. गावाले दुसरा रस्ता कुठी हाय? इकडून निंब, तिकडून चावडी, मधात तुमचा ओटा. निंबापाशी आलं की आमच्या माणसानं उतरायचं, सायकल हातात धरायची, चावडीच्या पलीकडे गेलं की वर बसायचं. — माहीत नाही तुमाले? तुमी लहान होते. लहान लेकराले वाटते लोक पायी जाऊन राह्यले, हवा गेली असन चाकातली. साठ पावलं हायेत. मी मोजली, सत्तावीस साल मोजली, एखाद्या दिवशी अठ्ठावन भरतील अशी आशा लय होती. कोणी मारत नव्हतं, खोटं कायले बोलू तुमच्या तोंडावर, मले कोणी कधी बोट लावलं नाही. तुमचे आजे, आबाजी, ओट्यावर लोडाले टेकून बसत. कोणाचं उतराचं ध्यान राह्यलं नाही तं ते फकत एकदा खाकरत. बस. तेवढ्यानं माणूस खाली ये. अन् ही बाई हातात धरून चालली तरी हिचं पायडल थांबत नाही, गोल फिरते अन् नडगीवर मारते. हे पाहा. हाडावानी दिसते ते हाड नाही, घट्टे पडलेलं कातडं हाय, सत्तावीस सालाचं. — नका पाहू बरं, चहा आला. घ्या. कप धुतलेला हाय, रुखमानं दोनदा धुतला, ती तुमाले भेते. मी नाही भेत.

मंग छप्पन्नचा दसरा आला. सारी वस्ती रेल्वेनं गेली नागपूरले, दीक्षेले, मी याच सायकलीवर गेलतो. कायले? मस्ती, दुसरं काय. दोन दिवस लागले, जातानी अंग असं दुखलं की देवाचं नाव तोंडात ये, अन् देव तं सोडाले चाललो होतो. वापस आलो, निंबापाशी पोचलो, अन् नाही उतरलो. गेलो सरळ. आबाजी ओट्यावर होते, पाह्यलं त्याईनं, खाकरले नाही. रुखमा दारात उभी राहून रडली, मी म्हटलं रडते काहून, पडलो थोडाच. तवापासून चार सालं रोज दोनदा गेलो ओट्यासमोरून, कधी हिच्यावर, कधी नवीवर, असा गेलो की कोंबड्या उडत. पोट्टे म्हणत, आली उकंडाबाची मोटार.

तं आता शर्यतीचं. परवा छब्बीस जानेवारी हाय अन् तुमाले हिच्यावर बसून हळू सायकलच्या शर्यतीत उतराचं हाय, मले समजलं ते, किसनसिंगनं सांगितलं असन की हळू चालवाले हिच्यासारखी सायकल नाही जिल्ह्यात. खरं हाय ते. नव्या सायकलीले हळू चालवलं की ती पडाले पाहते. ही एका जागी उभी राहते, पायडल जरासं पुढे, जरासं मांगे, पुढे, मांगे, तुमी वर बसून चिलीम भरून घ्या. मागच्या साली हेडमास्तरनं पहिल्यांदा ठेवली ती शर्यत. गावातला सपाट रस्ता तेवढाच, म्हून निंबापासून चावडीपर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या. जो सगळ्यात मांगे राहील तो जिंकला, अन् पाय टेकला तो बाद. लोक हासले, म्हणत हे तं आमच्या ग्रामपंचायतीचीच शर्यत हाय. बक्षीस पितळेचा गडवा, आबाजीच्या हातानं. सहा जण होतो. चार तं निंबाच्या सावलीतच आडवे झाले. राह्यलो मी अन् किसनसिंग, तो नव्या सायकलीवर, डुगडुग डुगडुग करत चावडीजवळ गेलता, पाच-सहा पावलं राह्यली असतील. अन् मी मांगे. तुमच्या ओट्यासमोर, मधोमध. उभा. सायकल उभी, मी वर बसलेला, सारं गाव चूप. किसनसिंगनं रेघ वलांडली की मी जिंकलो. अन् मी पाय टेकला.

ऐकलंच असन तुमी काहून टेकला ते. सगळ्यांनी ऐकलं. किसनसिंग गडवा घेऊन माह्याकडे पळत आला, म्हणे तू मुद्दाम टेकवला बुढ्या, मी म्हटलं हो, ज्याच्या विहिरीच्या काठावर माह्या मायनं वंजळ धरली, त्याच्या हातचा गडवा मले पाहिजे नव्हता. सहज बोलून गेलो. पाच मिनिटांत वस्तीत पोचलं. मंग काय बापू, मी लय मोठा माणूस झालो. लोकाईनं खांद्यावर घेतलं. म्हणत, जिंकून सोडली, याले म्हणते स्वाभिमान. धर्मपाल यवतमाळले सभेत सांगते, माह्या बापानं पाटलाच्या दारात जिंकता जिंकता पाय टेकला. मी पहिल्या रांगेत बसून राहतो, टाळ्या पडतात, मी मान हालवतो. साठ सालं लोकाईले फसवलं, पण एवढं मस्त कोणीच फसलं नाही. अन् खरंच सांगतो, तो खाकरला नसता तं गडवा या फळीवर —

— काही नाही. चहा थंड होऊन राह्यला. — कोण खाकरलं? कोणी नाही खाकरलं, तुमाले ऐकू कमी येते काय या वयात.

— तुमचा आजा खाकरला. दुसरं कोण. रुखमा, तू चुलीपाशी जा, धूर होऊन राह्यला. — मी मधोमध उभा होतो, पायडल पुढे, मांगे, अन् ओट्यावरून आलं ते, तेच, सत्तावीस सालाचं. मी काही ठरवलं नाही बापू. मी अजून वरच होतो, अन् पाय खाली होता. माहाच पाय, मले पुसल्याबिगर. चुन्यावर खूण पडली तवा मले समजलं की मी उतरलो. अन् तुमाले सांगतो, त्याच रात्री समजलं ते चार सालाचंही. मले वाटत होतं मी छाती काढून जाऊन राह्यलो तिथून. छाती काढून कुठी, मी पळून राह्यलो होतो, ऐकू येण्याच्या पहिले निघून जायचं म्हून. जोरात तं कोणीही जाते. हळू जाऊन पाहा. ज्या जागी उतरत होतो त्या जागी नुसतं वर बसून राहून पाहा. तेवढंच तं होतं त्या शर्यतीत, अन् तेवढंच नाही झालं.

— काय म्हणता? — आबाजीले दमा हाय? कवापासून? दोन सालापासून? दिवसभर खाकरते?

म्हणजे कफ होता.

नाही, हासू द्या मले. लय दिवसांत असा हासलो नाही. मी साऱ्या गावाले पाडलं अन् मले आबाजीच्या कफानं पाडलं. त्याईले आठवतही नसन. — शर्यतीचं पुसलं होतं तुमी त्याईले? — नाही आठवत. बरं. कोणाले शर्यत कशी हारली ते सांगू नका, अन् सांगितलं तरी कोणी मानत नाही, आता तं माह्या पोराच्या भाषणात गेलं ते.

पैसे खिशात ठेवा. मी म्हटलं ठेवा. किंमत वेगळी हाय हिची. निंबापासून चावडीपर्यंत तुमची ती वाकड्या शिंगाची सायकल हातात धरून जायचं. आता, या उन्हात. आबाजी बसले असतील, चार माणसं सुपारी कातरत असतील. कोणी पुसलं, काहून रे बापू पायी, हवा गेली काय, तं काही सांगाचं नाही, खाली मान घालून चावडीपर्यंत जायचं. तुमची तं नडगीही नाही दुखणार, नवीचं पायडल फिरत नाही. चावडीपाशी पोचले की वर बसा, वापस या, अन् ही घेऊन जा. फुकट. साखळीले तेल देऊन ठेवतो तवलोक. — हासून नका राहू, मी आज पहिल्यांदा गंमत नाही करून राह्यलो. चहा पेले तुमी, पुरा पेले, पाह्यलं मी. चांगली गोष्ट हाय. पण तो इथं पेले, या भिंतीआड, इथं कोण होतं पाहाले. रस्त्यावर साठ पावलं हायेत. — जाता? जा. दारात शेळीची दोरी हाय, पाय गुंतन.

— रुखमा, बोलू नको. मले माहीत हाय तू ऐकलं. धर्मपालले सांगाचं तं सांग, मंग सांग, आता चूप बस. ऐक. टक टक टक टक. धरून चालून राह्यला पोट्टा. गल्ली सरली पाहा. टक टक, टक टक, निंबाकडे वळला. चालून राह्यला वं. खरंच चालून राह्यला. ती तेलाची कुपी दे इकडे, फळीवरची, अन् एक फडकं दे, धूळ बसली हिच्यावर, असं कसं देणार त्याले. टक टक टक —

बंद झाली.

निंबापाशीच.

चांगली सायकल हाय त्याची. वर बसलं की आवाजच नाही. — कुपी राहू दे. कप धुऊन ठेव.