ती परत का आली?

नाही नाही, डोळे उघडायचे नाहीत ताई! मिटूनच ठेवा. थेंब घातलेत ना, बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, आणि मध्येच उघडलेत की डॉक्टरीणबाई मला बोलतात, तुम्हाला नाही. त्या आत एका आजोबांना तपासतायत. मान मागे टेकवा. हं, अशी. कंटाळा येईल म्हणता? तो मी येऊ देणार नाही. तर मी काय सांगत होतो — गोष्ट. मी गोष्ट लिहिली. मी म्हणजे मीच हो, हा चष्मेवाला, उभा जन्म काचा घासण्यात गेला तो! कोपऱ्यावरच्या वाचनालयानं स्पर्धा ठेवलीय, आणि आमची लेक म्हणाली, बाबा, आई दुकानात कशी आली ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटता, एकदाचं लिहूनच काढा म्हणजे सगळे सुटतील. काढलं लिहून. तर म्हणते, छान आहे, पण घडी बसलेली नाही, एआयला दाखवा. तिनंच फोनमध्ये घालून दिलं. मी सुरुवातीला त्याला अहो-जाहो करायचो — हसताय काय? परक्या माणसाशी आपण तसंच बोलतो ना? माणूस नाही, ठाऊक आहे मला. पण परका तर होता!

गोष्ट अशी, की तेव्हा दुकान आमच्या वडिलांचं, अण्णांचं. मी नुकताच त्यांच्या हाताखाली बसायला लागलेलो. एक मुलगी आली, चष्मा मोडलेला, परगावच्या शाळेत नोकरी लागलेली, निघायच्या घाईत. नवा करायला टाकला. मी नाकावर फ्रेम बसवून बघितली, कानामागे दांडी जराशी वाकवली — आणि खलास! माझं काही खरं राहिलं नाही. चष्मा तयार झाला, पण ही न्यायला येईचना. एक दिवस तिची आत्या डोकावून सांगून गेली, पोरीला सवड नाही, चष्मा कुणाबरोबर तरी घरी पाठवा. संपलं म्हटलं. आणि मग एका संध्याकाळी ती दारात उभी! स्वतः! नोकरीवर गेली ती लग्नाचं ठरवूनच गेली. मी लिहिलं होतं, 'नियतीने तिला परत आणले.' काय वाक्य होतं ताई! मला वाटलं, वाचणारे टाळ्या वाजवतील.

आणि एआय काय म्हणाला? आधी गोड बोलला — फ्रेम बसवायचा प्रसंग फार जिवंत उतरलाय, म्हणे. पण तो येतो चौथ्या पानावर. आधीचा सगळा दुकानाचा इतिहास आहे, तो काढा आणि गोष्ट फ्रेमपासून सुरू करून बघा. आता बोला! दुकानाचं उद्घाटन, काचेचं कपाट, पाटी रंगवणारा पेंटर, सगळे उडाले. मी घुश्श्यात फोन पालथा घातला. सकाळी परत वाचलं, तर — बरोबर होतं हो त्याचं. मग म्हणे, आणखी दोन ठिकाणी गोष्ट अडतेय. वडील सुरुवातीला एकदा खेकसतात आणि नंतर दिसतच नाहीत, त्यांना काही काम द्या, नाहीतर काढून टाका. आणि मुलगी येणार नव्हती, तर आली का? 'नियतीनं आणलं' हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं आहे, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

वडिलांबद्दलचं त्याचं मी लगेच ऐकलं. काढून टाकलं अण्णांना. एकेक ओळ पुसली, आणि खरं सांगू, सोपं गेलं मला. अण्णा तसेच होते हो. उभ्या आयुष्यात कधी 'बरं जमलंय' म्हणाले नाहीत. मी काच घासून पुढ्यात ठेवायची, त्यांनी उजेडात धरायची, नुसतं 'हूं' म्हणायचं, आणि परत घासायला द्यायची. लग्न करतो म्हटलं, त्यालाही 'हूं'. ते गेले तेव्हा लोक मला धीर द्यायला आले, आणि मीच त्यांना खुर्च्या देत फिरत होतो. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारचे म्हणाले, मोठा खंबीर. खंबीर कसला — मला आतून काही — जाऊ दे. हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? गोष्टीचं चाललं होतं.

हां, तर ती का आली. एआयला म्हटलं, तूच सुचव आता. त्यानं सुचवलंही — गाडी चुकली, मैत्रिणीनं समजावलं, पिशवी दुकानात विसरली होती. एकही पटेना! आमची ही गाडी चुकणाऱ्यातली आहे का? ती गाडीच्या आधी फलाटावर हजर असते. तसं मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, ही कारणं मी रचलेली आहेत, म्हणून तुम्हाला खोटी वाटत असतील. खरं कारण तुमच्या पत्नीला माहीत असेल. त्यांना विचारलंत का?

आता बघा. लेकीचं लग्न झालं, नातू शाळेत जातो, आणि मी हिला हे विचारलंच नव्हतं. कशाला विचारीन? मला वाटायचं, माझ्यासाठीच आली! आणखी कशासाठी येणार? ही भाजी निवडत बसली होती. विचारलं. मान वर न करता म्हणाली, "मामंजी आले होते ना घरी."

"कोण?"

"मामंजी. तुमचे अण्णा."

ताई, अण्णा दुकान सोडून कुठं जात नसत! जेवायलासुद्धा नाही, डबा इथं यायचा. आणि ही सांगते, दार वाजलं, आत्यानं उघडलं, तर अण्णा उंबऱ्याशी, हातात चष्म्याची डबी. पाणी घेतलं नाही, टेकले नाहीत. डबी उघडून हिला चष्मा दाखवला — आणि खटकन मिटली! म्हणाले, "तयार आहे, पण मी देणार नाही. दुकानात येऊन ने. माझा मुलगा रोज याचा स्क्रू सैल करतो आणि रोज आवळतो. असंच चाललं तर आटे झिजतील. एवढं चांगलं काम मी अजून त्याच्या हातून पाहिलेलं नाही. एकदा त्याच्याच हातून घालून घे, मग खुशाल जा." आणि डबी खिशात टाकून चालते झाले! हिचाच चष्मा घेऊन! आत्या नुसती बघत राहिली. म्हणजे यावंच लागलं ना हिला.

म्हटलं, अगं मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, "मामंजींनी बजावलं होतं, त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?" झालं. परत भाजी.

मी आपला खाली दुकानात आलो. काम काही नव्हतं. उगाच एक काच घेऊन घासत बसलो. एवढं चांगलं काम, म्हणाले होते. तिला म्हणाले. मला म्हणाले असते तर काय — अं? नाही, काही नाही ताई, डोळे मिटूनच ठेवा.

मग अण्णांना परत आणलं गोष्टीत. एआयला विचारलं, हा प्रसंग कुठं घालू, मध्येच? तो म्हणाला, तुम्हाला इतक्या वर्षांनी कळला, तर वाचणाऱ्यालाही उशिराच कळू द्या. ती दारात येऊ दे, वर्षं जाऊ देत, मग भाजी निवडताना. आहे की नाही डोकं? पण मीही सगळं ऐकलं नाही हं! अण्णांच्या मनात काय चाललं होतं, त्याचा सुरेख मऊ परिच्छेद करून दिला त्यानं. तो मी पुसला. अण्णा मऊ नव्हते. त्यांच्या मनातलं मला ठाऊक नाही, तर लिहू कसं? तेही पटलं त्याला.

शेवटी एवढंच म्हणाला, ती दारात आली तेव्हा तुम्हाला काय वाटलं, ते गोष्टीत कुठंच नाही. लिहिलं मग. आज द्यायचीय वाचनालयात, पण हिला नाही दाखवलेली. कारण तेच एक वाक्य. सांगू? नको — बरं, सांगतो, पण डोळे मिटलेलेच ठेवा. 'ती आली आणि माझ्या हातून स्क्रू पडला. शोधायला वाकलो. तो लगेच सापडला, पण मी बराच वेळ काउंटरखालीच बसून राहिलो, कारण हसू आवरत नव्हतं आणि इतका आनंद तिच्यासमोर दाखवायची लाज वाटत होती.' हिला अजून वाटतं, मी वेंधळा म्हणून —

अगं! तू कधी उतरलीस खाली? कुठपासून उभी आहेस? नाही नाही, मी आपलं ताईंना थेंबांचं समजावत होतो — ताई, उठा, आत बोलावलंय तुम्हाला. नाही बोलावलं? बोलावतीलच. आत जाऊन बसा तोवर. धरून चला, उजवीकडचं दार. जा, जा तुम्ही.