दिराच्या अर्जावरची सही

नाव: कागदपत्रांप्रमाणे नोंदले आहे; सगळे टेलरवहिनी म्हणतात. वय: ५१ वर्षे. धंदा: कपड्यांचे अल्टरेशन. राहणार: बस डेपोमागील इमारत, तिसरा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, लग्न होऊन बावीस वर्षांपूर्वी मी या देशात आले. घरात मी, नवरा आणि धाकटा दीर. दीर सरकारी बस चालवतो. आम्ही तिघे इथले नागरिक आहोत, म्हणजे कालपर्यंत तरी होतो.

आमच्या लोकांचे इथे मंडळ आहे, मी त्याची चिटणीस. मायदेशाने आम्हाला पुन्हा नागरिक करून मताचा हक्क द्यावा, म्हणून मंडळ आठ वर्षे तिकडच्या मंत्र्यांच्या मागे लागले होते. शेवटी त्यांनी अर्ज मागवले. मंडळाची पद्धत अशी की, सहल असो की निवेदन, घरातले एक माणूस सगळ्यांच्या सह्या ठोकून मोकळे होते. नवऱ्याने आपली सही केली, मी माझी केली. दीर ड्यूटीवर होता, त्याची मीच केली. त्याला सांगायचे राहून गेले.

गेल्या महिन्यात तिकडे कायदा झाला. अर्ज करणारे सगळे नागरिक झाले. आम्ही फोटो काढले, मी तर रडले. पण दुसरे नागरिकत्व मागून घेतले की इथले जाते, हे मला ठाऊक नव्हते. चिटणीस म्हणून मिरवत होते आणि एवढे विचारायचे सुचले नाही!

काल सकाळी सव्वानऊला दोन अधिकारी डेपोत आले. इथले नागरिकत्व काढायची सुरुवात सरकारी नोकरांपासून आहे म्हणाले. दिराला भरल्या बसमधून खाली उतरवले. मी डेपोसमोरच्या माझ्या दुकानाच्या दारातून पाहिले. त्याने बिल्ला काढून दिला आणि मला हातानेच आत जायला सांगितले.  

अर्ज स्वतः केला नसेल तर दिराचे इथले नागरिकत्व वाचते, असे साहेबांनी मला इथे सांगितले. दुसऱ्याची सही करणे गुन्हा आहे, हेही सांगितले.

नंतर दिराला भेटू दिले, त्यालाही इथेच ठाण्यात आणले होते. तो म्हणाला, "वहिनी, तू यात पडू नकोस. सही माझीच आहे असं मी सांगितलंय."

मी म्हटले, "अरे, तू तो कागद बघितला तरी होतास का?"

"तुला आत टाकतील. माझं काय, बस कुठंही चालवता येते."

मी लग्न होऊन आले तेव्हा तो इथल्याच शाळेत होता. कुठंही म्हणजे कुठे, असे विचारले तर म्हणाला, "तू घरी जा."

त्याच्या नावाची सही मी साहेबांसमोर पाच वेळा करून दाखवली. पाचही वेळा अर्जावरच्या सहीशी जुळली. माझ्या अर्जावरची सही माझी आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, मी सांगितले तसाच उतरला आहे. शेजारच्या खोलीत माझा दीर जबाब देत आहे. त्याचा तो जबाब खोटा आहे. तो धरू नये.