'सांगायची'

तुम्ही मला म्हणता न्हवं, हिच्या तोंडाला कोण लागणार म्हणून. परवा ह्याच तोंडाला एका शब्दानं कुलूप लागलं बघा.

माझी नात श्रुती जवळ येऊन बसली. कॉलेजात तिला गोष्ट लिहायला सांगितलीया. त्यांच्या सरांनी शिकवलंय, माणूस कसा हाय हे सांगत बसायचं न्हाय; त्याच्या तोंडात एक नेमका शब्द घातला की तो आपोआप कळतोय.

मी म्हटलं, "ह्यात शिकवायचं काय? माझ्या गोष्टीतला कोल्हा 'मावशी' म्हणला, की कोंबडीला कळतंय, आज आपलं काय खरं न्हाय."

ती हसली आणि मोबाईलवरनं वाचायला लागली. "माझी आज्जी गोष्टी सांगायची."

"थांब की. सांगायची म्हणजे? मेली व्हय ती?"

"अगं नाही, आज्जी. गोष्टीत तसंच लिहितात."

"मी जिती हाय न्हवं? मग 'सांगते' लिही."

तिनं खोडून 'सांगते' लिहिलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "कानाला बरं वाटंना गं."

सून स्वयंपाकघरातनं म्हणाली, "आत्ती, लिहू दे की तिला तिच्या मनानं."

मी श्रुतीला इचारलं, "माझ्याकडनं शेवटची गोष्ट कवा ऐकलीस?"

ती आठवत बसली. मोबाईलचा उजेड गेला, तरी आठवतच हुती.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, बाई. 'सांगायची' हेच बरोबर हाय."