मूळ कोणी पाहिलं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक आदरणीय डॉ. शरच्चंद्र सर, व्यासपीठावर विराजमान झालेले सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती हेमाताई, त्यांचे कुटुंबीय, आजी-माजी सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि चहा आधी मिळावा म्हणून दाराजवळची खुर्ची धरून बसलेल्या दूरदर्शी मंडळींनो, मी विश्वजीत. हेमाताईंच्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस. आपणा सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या नम्रतानं मघाशी माझ्या कानात सांगितलं, "सर, थोडक्यात बोला हं." आता, निरोपाच्या भाषणात थोडक्यात बोला असं पुण्यात कोणी कोणाला सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मला लगेच संशय आला. थोडक्यात का? कोणाला नको आहे? माझा स्वभाव आधी असा नव्हता. हेमाताईंच्या शेजारी बसून झाला. त्यामुळे तक्रार असेल तर ती त्यांच्याकडे करावी, त्या आज इथंच आहेत.

कुटुंबीयांसाठी थोडं सांगतो, कारण घरची माणसं आम्हाला नेहमी विचारतात, तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर करता तरी काय? माणसाच्या शरीराची सगळी कृती पेशींत लिहिलेली असते. तिला जीनोम म्हणतात. त्यात एखादं अक्षर बदललं तर कधी काहीच होत नाही आणि कधी मोठा आजार होतो. कुठला बदल घातक आणि कुठला निरुपद्रवी, याचा आपला एक डेटाबेस आहे. रुग्णालयं रक्ताची तपासणी करतात, आपल्या डेटाबेसला विचारतात, आणि अहवाल थेट लोकांच्या घरी जातो. म्हणजे आम्ही इथं एक शब्द लिहितो आणि तिकडे वाघोलीत कोणाच्या तरी घरात त्या दिवशी स्वयंपाक होत नाही.

हेमाताईंचं काम होतं हे शब्द तपासण्याचं. त्यांचा एकच प्रश्न ठरलेला. कुठलीही नोंद समोर आली की चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "मूळ कोणी पाहिलं?" कारण आमच्या धंद्यात एक डेटाबेस दुसऱ्याकडून उचलतो, दुसरा तिसऱ्याकडून. सगळे एकमेकांचा हवाला देतात, आणि प्रत्यक्ष प्रयोग केलेला माणूस शोधायला गेलं की सापडतच नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की कॅंटीनमध्ये मी म्हणालो, आज पोहे छान झालेत, तरी त्या विचारणार, "तुम्ही खाल्लेत, की कोणी सांगितलं?"

आता मघाशी वाचलेल्या मानपत्राकडे येतो. सुंदर मानपत्र. भाषा तर अशी, की मला क्षणभर वाटलं दुसऱ्याच कोणाचा सत्कार आहे. आणि त्यात एक वाक्य होतं: 'संशोधनाबरोबरच हेमाताई या उत्कृष्ट जलतरणपटू आहेत.' आपण टाळ्या वाजवल्यात. पाहुण्यांनी कौतुकानं मान डोलावली. हेमाताईंचे यजमान मात्र खाली मान घालून हसत होते, ते मी पाहिलं.

मला विचारायचंय, हेमाताईंना पाण्यात कोणी पाहिलंय? हात वर करा. कोणी नाही? मग टाळ्या कशाला वाजवल्यात?

मानपत्राचा मसुदा गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. ते वाक्य वाचलं आणि मी लागलो मागे. नम्रता म्हणाली, संस्थेच्या वेबसाइटवर आहे. वेबसाइटवाले म्हणाले, आम्ही वार्षिक अहवालातून घेतलं. वार्षिक अहवालवाले म्हणाले, अहो, आम्ही तर वेबसाइटवरून घेतलं! अखेर कोणाला तरी आठवलं की संस्थेच्या वार्तापत्रात एक फोटो आला होता. कोथरूडचा एक जलतरण तलाव, काठावर हेमाताई, आणि खांद्यावर टॉवेल.

मी फोटो घेऊन हेमाताईंकडे गेलो. "पोहता?"

"छे हो. पाण्याला घाबरते मी."

"मग हा टॉवेल?"

"तो माझा नाही."

"कोणाचा?"

"आम्रपालीचा," म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. शेजारी बसणाऱ्या माणसाला कळतं, इथं काहीतरी आहे.

आम्रपाली कोण, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते मी शोधून काढलं. आम्रपाली आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, शेजारी तिचे वडील बुद्धभूषण आहेत. त्यांनीच मला आग्रहानं सांगितलं, की हे सभेत सांगा. त्यांना दोनदा विचारून खात्री केली आहे.

बुद्धभूषण सरकारी नोकरीत आहेत, राहायला वाघोलीला. त्यांचे धाकटे भाऊ क्रिकेट खेळता खेळता मैदानावर कोसळले आणि गेले. सगळ्या घराची तपासणी झाली. आम्रपालीच्या अहवालात हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. आपल्या डेटाबेसनं सांगितलं, घातक. ही पोरगी राज्य पातळीवर पोहणारी. पोहणं बंद. जिना चढताना आई मागे उभी. बुद्धभूषण मला म्हणाले, "सर, झोपेत तिचा श्वास चालू आहे का बघायला मी उठायचो." हे ऐकून मला आपल्या सगळ्यांचा राग आला. माझ्यासकट.

ती नोंद नेहमीच्या तपासणीत हेमाताईंच्या समोर आली. नोंदीबरोबर त्या प्रथिनाच्या रचनेचं चित्र होतं, सॉफ्टवेअरनं काढलेलं. रंगीत, वळणदार, कॅलेंडरवर छापावं असं. बदल नेमका कुठं होतो ते लाल ठिपक्यानं दाखवलेलं. हेमाताई मला नंतर म्हणाल्या, "चित्र फारच सुंदर होतं, म्हणून शंका आली." त्यांनी नीट पाहिलं. त्या भागाबद्दल सॉफ्टवेअरनं स्वतःच कबूल केलं होतं की इथं माझा अंदाज आहे, खात्री नाही. ते कोणी वाचलंच नव्हतं.

मग त्यांनी मूळ शोधलं. आपली नोंद घातक का? कारण परदेशातला एक मोठा डेटाबेस घातक म्हणतो. तो का म्हणतो? कारण पुण्यातला एक डेटाबेस घातक म्हणतो. पुण्यातला कुठला? आपलाच! फार पूर्वी आपल्या प्रोग्रामनं केलेला एक अंदाज तिकडे गेला, आणि पुरावा होऊन परत आला. वार्षिक अहवाल आणि वेबसाइट. तोच खेळ, फक्त इथं एका मुलीचा जीव टांगणीला.

हेमाताईंनी आपल्या भागातल्या निरोगी, वयस्कर माणसांचे जीनोम काढून पाहिले. तोच बदल त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत आढळला. नातवंडं खेळवणारी, टेकडी चढणारी माणसं. परदेशातल्या डेटाबेसात आपली माणसंच फारशी नाहीत, म्हणून तिकडे तो बदल दुर्मीळ आणि भीतिदायक दिसत होता. त्यांनी सगळा पुरावा रुग्णालयाला कळवला. तिथल्या हृदयतज्ज्ञांनी मुलीच्या सगळ्या तपासण्या नव्यानं केल्या, काकांचेही कागद पुन्हा पाहिले, आणि सांगितलं, पोहू दे हिला. पहिल्या दिवशी मुलगी पाण्यात उतरली तेव्हा आईचा धीर होईना, म्हणून काठावर टॉवेल धरून कोण उभं राहिलं, ते त्या वार्तापत्रातल्या फोटोत आहेच.

सर, आपल्याला वाटेल, छान गोष्ट आहे, संपली. मलाही तसंच वाटत होतं.

पण मग मला दुसरी शंका आली. हेमाताई निवृत्त होतात महिनाअखेरीला. समारंभ आज का? मला सांगण्यात आलं, पाहुण्यांची हीच तारीख मोकळी होती. पाहुणे मघाशी मला म्हणाले, "मला कुठलीही चालली असती." साहेब, आपल्याला अडचणीत आणण्याचा हेतू नाही, पण आपण बोललात खरे. मग कळलं, हेमाताईंना शिल्लक रजा उद्यापासूनच घ्यायला सांगितली आहे. आणि मग कळलं, हिंजवडीच्या एका कंपनीनं केलेली, कुठलाही मजकूर बाहेरच्या माहितीशी ताडून आपोआप बदलणारी नवी यंत्रणा सोमवारी सुरू होते आहे.

इथं जरा लक्ष द्या. माणसानं डोळ्यांनी तपासलेल्या नोंदीला आपल्याकडे एक खूण असते. खूण असेपर्यंत कुठलंही यंत्र ती नोंद बदलू शकत नाही. पण ही खूण तपासणाऱ्याच्या अकाउंटला बांधलेली आहे. अकाउंट बंद, की खूण गेली. हेमाताईंचं अकाउंट आज संध्याकाळी बंद होतंय. सोमवारी नवी यंत्रणा येईल, परदेशातल्या डेटाबेसकडे पाहील, तिथं अजून जुनाच शब्द आहे, आणि आम्रपालीच्या नावापुढे पुन्हा लिहील, घातक. सुधारित अहवाल आपोआप वाघोलीला जाईल. बुद्धभूषण पुन्हा झोपेतून उठायला लागतील. आणि त्यांच्यासारखी किती घरं आहेत, ते फक्त हेमाताईंना ठाऊक.

मी बैठकीत हे बोललो, तेव्हा मला उत्तर मिळालं, "विश्वजीतराव, तुम्ही उगाच संशय घेता. यंत्रणा माणसाच्या दुरुस्तीचा मान ठेवते."

ठीक. मग एक सांगतो. मानपत्रातलं ते पोहण्याचं वाक्य मी काढायला सांगितलं होतं. नम्रतानं काढलंही होतं. आज सकाळी मी तिला विचारलं, पुन्हा कसं आलं? ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मी डिलीट केलं होतं. पण छपाईला जाताना सिस्टिमनं वेबसाइटवरून परत भरलं." कुठल्या सिस्टिमनं? त्याच नव्या यंत्रणेनं. चाचणी म्हणून मानपत्रावर वापरून पाहिली होती. चाचणीचा निकाल आपण सगळ्यांनी मघाशी टाळ्या वाजवून स्वीकारला.

बेटा नम्रता, तू रडू नकोस. तुझी चूक नाही. उलट आज तुझ्यामुळे माझी बाजू सिद्ध झाली.

शरच्चंद्र सर, आपण घड्याळ पाहिलंत, ते माझ्या लक्षात आलं आहे. माझी एकच विनंती आहे. हेमाताईंच्या खुणा असलेली प्रत्येक नोंद दुसरा कोणी माणूस स्वतः पाहून आपल्या नावावर घेत नाही, तोपर्यंत त्यांचं अकाउंट बंद करू नये आणि सोमवारी यंत्रणा सुरू करू नये. पहिली नोंद मी घेतो. आम्रपालीची. मूळ मी पाहिलं आहे.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, फार चांगलं केलंत. पण या बाईंना खरोखर काही द्यायचं असेल तर ते हे आहे.

मी थांबतो, सर.

नाही, भाषण संपवून नव्हे. आपल्या उत्तरासाठी थांबतो.

सर, आपण मान हलवलीत. क्षमा करा, ती होकाराची होती की मान अवघडली होती, ते शेवटच्या रांगेपर्यंत कळलं नसेल. हा माईक घ्या.

धन्यवाद सर. ज्यांना ऐकू आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सर म्हणाले, "यंत्रणा थांबवतो. अकाउंट चालू राहील."

हेमाताई, मूळ कोणी पाहिलं? हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं, अख्ख्या सभागृहानं, आपापल्या डोळ्यांनी. आता डोळे पुसा. फोटोग्राफर समोर आहे, आणि त्या फोटोखाली उद्या कोण काय लिहील याचा भरवसा नाही.

आणखी एक. मानपत्र आता छापून, फ्रेम करून आपल्या हातात दिलेलं आहे. ते काही बदलता येणार नाही. तेव्हा आपल्यालाच बदलावं लागेल. उद्यापासून रजा आहेच, पोहायला शिका. आम्रपालीला मी विचारलंय, ती शिकवायला तयार आहे. या वेळी पाण्यात तुम्ही, आणि काठावर टॉवेल घेऊन ती. मी स्वतः बघायला येणार आहे. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवणार नाही.

अध्यक्षांनी शब्द दिला, पाहुण्यांनी खरं सांगितलं, बुद्धभूषण आणि आम्रपाली कामाच्या दिवशी वाघोलीहून आले, नम्रतानं मला मध्येच थांबवलं नाही, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला टोचलं असेल, मर्यादा सुटली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. फक्त, माझ्या भाषणात काही चुकलेलं आढळलं तर दुरुस्ती करण्याआधी एकदा मला विचारा. मी इथंच आहे, हेमाताईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी.